कपाचा न दिसणारा कान

सहा वर्षांच्या मुलासमोर एक कप ठेवा. कपाचा कान पलीकडे वळवा, मुलाला तो अजिबात दिसायला नको. पुढच्या बाजूला मात्र एक फूल रंगवलेलं असू द्या. मग मुलाला सांगा, "समोर जसा दिसतोय तसा काढ." बहुतेकदा मूल कपाला ठसठशीत कान काढतं आणि समोर दिसणारं फूल खुशाल गाळून टाकतं. मुलांच्या चित्रात निर्मिती कुठली आणि नक्कल कुठली, या प्रश्नाकडे या कपापासूनच जाऊ.

मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फ्रीमन यांनी एका सहकाऱ्यासोबत १९७२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच ते सात वर्षांची मुलं न दिसणारा कान काढत होती. आठच्या पुढची मुलं तो गाळून फूल काढू लागली होती. लहान मुलाचं ते चित्र बघून मोठ्या माणसाच्या तोंडून पटकन निघतं, "अरे, नीट बघ ना!" पण मुलाचं बघण्यात काही चुकलेलं नसतं. कप म्हणजे काय, हे ते आपल्याला सांगत असतं. फूल नसलं तरी कप हा कपच असतो; कान नसला तर त्याची वाटी होते.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आन्री ल्यूके यांनी आपल्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जमवली आणि १९२७ च्या पुस्तकात या प्रकाराला 'बौद्धिक वास्तववाद' म्हटलं. डोळ्यांना दिसतं ते बाजूला ठेवून मनाला ठाऊक आहे ते कागदावर उतरवायचं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, गाडीची चारही चाकं एकाच बाजूला येतात, पोटातलं बाळ आईच्या झग्यावर दिसतं, ते यामुळेच. पुढे १९८३ मध्ये ॲलिसन डेव्हिस यांनी कपाच्या प्रयोगात एक छोटासा बदल केला. एकाऐवजी दोन कप शेजारी शेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा, दुसऱ्याचा लपलेला. आता चार-पाच वर्षांची बरीच मुलंदेखील दुसऱ्या कपाला कान काढेनात! म्हणजे दिसतं तसं काढणं त्यांना जमत नव्हतं असं नाही. एकट्या कपाच्या वेळी 'हा कप आहे' हे सांगणं महत्त्वाचं होतं, दोन कपांच्या वेळी 'यांच्यात फरक आहे' हे. कुठली गोष्ट सांगण्याजोगी, हे मूल स्वतः ठरवतं. मुलांच्या चित्रातली निर्मिती शोधायची असेल तर ती या ठरवण्यात शोधावी. रंगसंगती, सफाई वगैरे नंतरच्या गोष्टी.

आणि ही ठरवाठरवी फार लवकर सुरू होते. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बालशिक्षिकेने दहा लाखांच्या आसपास बालचित्रं जमवली आणि त्यांतल्या गिरगोट्यांमधून वीस मूळ प्रकार वेगळे काढले. ठिपके, आडव्या-उभ्या रेघा, नागमोडी, गरगर फिरणारे गोल. कुणी न शिकवता मुलं या रेघा एकमेकींशी जुळवून बघतात. मग एक दिवस गोलाला दोन काड्या फुटतात आणि माणूस तयार होतो: डोक्यालाच पाय, धडाचा पत्ता नाही. जगात बहुतेक ठिकाणच्या मुलांच्या चित्रांत हा माणूस सापडतो.

आता नकलेकडे येऊ. मांजर शिकवायची एक सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. खाली मोठा गोल, त्यावर छोटा गोल, वर दोन त्रिकोणी कान, दोन्ही गालांवर तीन-तीन मिशा, मागून एक वळणदार शेपूट. झालं मांजर! मुलाला ते पहिल्या झटक्यात जमतं, ते खूश, आपण त्याहून खूश. पुढच्या पानावर तेच मांजर येतं, महिन्याभराने पुन्हा तेच. हे मांजर कधी अंग चाटत नाही, पाठीची कमान करत नाही, कपाटावर चढत नाही. समोर खरं मांजर मुटकुळं करून झोपलेलं असतं, त्याचे पाय कुठे दिसत नाहीत, एक कान दुमडलाय, शेपूट नाकावर आलीय. पण चित्रात गोलावर गोल. (मांजराला एकेका गालावर साधारण बारा मिशा असतात आणि त्या चार ओळींत असतात. तीनचं गणित कुणी रूढ केलं कोण जाणे.)

त्या मुलाने मांजराची नक्कल केली याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की मांजराबद्दलचे सगळे निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेऊन ठेवले होते. दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून डोकावणारा सूर्य हाही त्यातलाच तयार माल. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षक. त्यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात तयार आकृत्यांत रंग भरायच्या पुस्तकांवर कडाडून टीका केली. मोठ्यांनी काढलेली घोटीव आकृती सतत समोर आली की मुलाला स्वतःची रेघ ओबडधोबड वाटू लागते आणि त्याचा स्वतःवरचा भरवसा उडतो, असा त्यांचा आक्षेप होता. रंगभरणाला मी विष म्हणणार नाही. प्रवासात, आजारपणात तो चांगला विरंगुळा आहे. फक्त त्याला चित्रकला म्हणू नये.

'असं करायचं' हे आधीच दाखवल्याने नेमकं काय होतं, यावर एक देखणा प्रयोग आहे. तो चित्रांवरचा नाही, खेळण्यावरचा आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्त्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. खेळण्यात अनेक गमती दडवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात त्यातली एक गंमत करून दाखवली: नळी ओढली की आवाज येतो. इतर मुलांसमोर तोच आवाज 'चुकून' काढला, किंवा काही दाखवलंच नाही. मग खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना शिकवलं गेलं होतं ती मुलं नळी ओढत बसली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. मुलांचा हिशेब तसा तर्कशुद्धच आहे. जाणत्या माणसाने एवढंच दाखवलं, म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार. मांजराच्या बाबतीतही असंच होत असावं, असं मला वाटतं.

नकलेइतकीच चित्राला मारक ठरणारी दुसरी गोष्ट आपण अगदी प्रेमाने करतो. ती म्हणजे बक्षीस. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग मानसशास्त्रात चांगलाच गाजला. बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या, मुळातच स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला तेच प्रमाणपत्र नंतर, अनपेक्षितपणे दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि कोण किती वेळ त्यांच्यात रमतं ते आडून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी आपल्या वेळापैकी जेमतेम ९ टक्के वेळ चित्रांना दिला. उरलेल्या दोन गटांनी १७-१८ टक्के. आवड जवळपास निम्मी झाली. तेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मुलींकडून रंगीत कागदांची चिकटचित्रं करून घेतली, तेव्हा बक्षिसासाठी स्पर्धा करणाऱ्या मुलींची कामं कलावंत परीक्षकांना कमी कल्पक वाटली. चित्रकला स्पर्धेआधी महिनाभर एकच 'बक्षीसपात्र' चित्र घोटून घेणारे पालक या दोन्ही चुका एकाच वेळी करत असतात.

इथवर वाचून कुणी मुलाच्या हातातून सगळी चित्रांची पुस्तकं काढून घेईल तर तेही गैरच. 'मुलाला एकटं सोडा, कला आपोआप उमलेल' हा विचार ऐकायला गोड आहे, पण पुराव्याला टिकत नाही. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अभ्यासक दांपत्याने १९७० च्या दशकात किशोरवयीन मुलांच्या चित्रांचा माग काढला, तर जवळजवळ प्रत्येक आकृती कुठून तरी आलेली होती: चित्रकथा, भावंडं, मित्र, छायाचित्रं. नील कोन हे भाषाशास्त्राच्या अंगाने चित्रांकडे बघणारे संशोधक तर म्हणतात, की चित्र काढणं भाषेसारखं आहे. मूल भाषाही नक्कल करतच शिकतं, पण म्हणून कुणी इतरांचीच वाक्यं बोलत बसत नाही. जपानी मुलं मांगा चित्रकथांमधले डोळे, केस, हातवारे उचलतात आणि त्यातून स्वतःच्या गोष्टी रचतात, हे त्यांचं आवडतं उदाहरण.

त्याहून विचार करायला लावणारं काम ताकेशी ओकादा आणि केंतारो इशिबाशी यांचं आहे, २०१७ चं. चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अनोळखी शैलीतली अमूर्त चित्रं बघून काढायला लावली. नंतर स्वतःच्या मनाने चित्र काढताना हे विद्यार्थी नक्कल न केलेल्यांपेक्षा अधिक कल्पक निघाले. बघितलेल्या चित्राची झेरॉक्स त्यांनी काढली नाही; 'चित्र असंही असू शकतं' हे कळल्याने त्यांच्या डोक्यातले जुने साचे ढिले झाले. इथे वय मोठं होतं हे खरं. तरी नक्कल आणि नक्कल यांत फरक असतो, एवढं यातून दिसतं. अनोळखी गोष्टीशी झटापट करत केलेली नक्कल डोळे उघडते. पाच रेघांची पाककृती झटापटच उरू देत नाही.

मग घरात, वर्गात करायचं काय? मला सगळ्यात आवडलेली युक्ती ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांच्या १९९० च्या प्रयोगातली आहे. त्यांनी मुलांना आधी साधा माणूस, साधं घर काढायला सांगितलं, आणि नंतर 'जगात नसलेला' माणूस, 'जगात नसलेलं' घर. पाच वर्षांची मुलं बहुधा आकार बदलत किंवा एखादा अवयव गाळत: चौकोनी डोकं, एकच पाय. आठ-दहा वर्षांची मुलं भलतीकडचे भाग आणून जोडत, घराला पंख लावत. एकाच प्रश्नाने ठरलेला साचा मोडतो, आणि मोडायला आधी साचा लागतो, हेही मुलाला आपोआप उमगतं. "मांजर काढ" ऐवजी "आत्ताच पाण्यात पडलेलं मांजर काढ" म्हणून बघा. तीन मिशांची कृती तिथे काही कामाची नाही.

चित्र हातात आलं की "हे काय आहे?" असंही विचारू नये. चित्र ओळखू आलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो. "यातलं आधी काय काढलंस?" असं विचारलं की मूल भडाभडा बोलू लागतं.

नऊ-दहाच्या सुमाराला मात्र वारं फिरतं. चित्र खऱ्यासारखं दिसावं असं मुलालाच वाटू लागतं, ते जमत नाही, आणि "मला चित्र काढता येत नाही" म्हणून अनेक जण वही कायमची मिटतात. या वयात "मनाने काढ, छानच येईल" म्हणणं म्हणजे हात झटकणं आहे. हात कसा काढायचा असं मुलाने विचारलं तर ते शिकवावं. कुण्या चित्रकाराने काढलेले हात दाखवावेत, एकाचे नाही, चार-पाच जणांचे, एकमेकांशी न जुळणारे, आणि हवं तर त्यांची नक्कलही करू द्यावी. मग त्याचाच डावा हात टेबलावर ठेवायला सांगावा, मूठ अर्धी मिटून. अंगठ्यामागे लपलेली बोटं काढायची की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.