कुर्बान सैद नावाचा लेखक नव्हताच

'अली आणि नीनो' ही कादंबरी १९३७ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत निघाली, लेखक म्हणून नाव होतं कुर्बान सैद. अली शिया मुसलमान, नीनो जॉर्जियन ख्रिस्ती, गाव आजच्या अझरबैजानमधलं बाकू आणि काळ पहिल्या महायुद्धाचा. सुरुवात शाळेत होते. भूगोलाचे रशियन मास्तर सांगतात, कॉकेशसला कुणी युरोपात धरतं, कुणी आशियात. आपलं शहर कुठे जाणार हे थोडंफार तुमच्याच हाती आहे. त्यावर एक पोरगा म्हणतो, सर, आम्ही आशियातच राहतो! अलीला ते पटतं, नीनोचा ओढा युरोपकडे. पुढचं सगळं भांडण आणि प्रेम इथूनच फुटतं.

बाकू तेव्हा तेलाने माजलेलं शहर होतं. १९०० च्या सुमारास जगातलं जवळपास निम्मं तेल इथून निघे. (शेजारच्या सुराखानीतल्या अग्निमंदिरात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी कोरलेले देवनागरी लेख आजही आहेत, जमिनीतून पेटलेला वायू त्यांना ज्वालाजी वाटला.) झारशाही कोसळली आणि तेलासाठी सगळेच धावले. मार्च १९१८ मध्ये बाकूत हजारो मुसलमान मारले गेले. सप्टेंबरात तुर्की फौज शिरली तेव्हा हजारो आर्मेनियन. मधल्या मे महिन्यात अझरबैजानचं प्रजासत्ताक जाहीर झालं, तेही जॉर्जियातल्या तिफ्लिसमध्ये बसून, कारण बाकू हातात नव्हतं. बायकांना मताचा हक्क देणारं हे राज्य दोन वर्षंही टिकलं नाही. एप्रिल १९२० मध्ये लाल सेना आली. कादंबरीतला अली गांजा शहराच्या पुलावर लढताना पडतो तो याच वर्षी.

मग कुर्बान सैद कोण? माझा कौल लेव नुसिम्बाउमला. बाकूच्या तेलवाल्या ज्यू घरातला हा मुलगा १९२० मध्ये पळाला, बर्लिनमध्ये मुसलमान होऊन एस्साद बे झाला आणि त्या नावाने जर्मनीत गाजला. नाझी आल्यावर ज्यू म्हणून त्याचं लिहिणं बंद झालं. तेव्हा नवं टोपणनाव लागलं असणार. कागदोपत्री मात्र ते नाव बॅरोनेस एल्फ्रीडे एरेनफेल्सचं. तिचा नवरा उमर, तोही बाटलेला मुसलमान, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर हिंदुस्थानात आला आणि पुढे मद्रास विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत राहिला.

अझरबैजानात अनेकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते खरा लेखक अझरबैजानी साहित्यिक युसिफ वझीर चमनझमिनली. एस्साद बे १९४२ मध्ये इटलीत पोझितानोला वारला, वय अवघं ३६. चमनझमिनली पुढच्याच वर्षी सोव्हिएत श्रमछावणीत मेला.