स्प्रेडशीटमधील तारीखदोष

स्प्रेडशीटमध्ये (आडव्या-उभ्या रकान्यांत आकडेमोड करणाऱ्या आज्ञावलीत) तारखेची मोजणी, साठवण किंवा ओळख चुकल्याने निर्माण होणारे दोष. सेलमध्ये (तक्त्याच्या एका चौकटीत) दिसणारी तारीख हे वरचे रूप असते. आत साठवला जातो तो एका आरंभदिनापासून मोजलेला दिवसांचा क्रमांक. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० चा क्रमांक १ आणि १ जानेवारी २००० चा ३६५२६ आहे. बहुतेक दोषांचे मूळ या क्रमांकातच सापडते.

१९०० चे लीप वर्ष : ग्रेगोरियन कालगणनेत (१५८२ पासून) शतकवर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष ठरते. त्यामुळे २००० लीप वर्ष होते, १९०० नव्हते. लोटस १-२-३ (१९८३) या आज्ञावलीने मात्र १९०० लीप वर्ष धरले आणि २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाला ६० हा क्रमांक दिला. असे का झाले, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार शतकवर्षाचा नियम नजरेतून सुटला. दुसऱ्या मतानुसार ही जाणूनबुजून केलेली काटकसर होती. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक दस्तऐवजांचा कलही याच बाजूला आहे. १९०० ते २०९९ या काळात ‘चारने भाग जातो का’ एवढी कसोटी फक्त १९०० पाशीच चुकते, आणि त्या काळच्या संगणकांची स्मृती तुटपुंजी होती. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

एक्सेलने हा दिवस समजून उमजून स्वीकारला, कारण लोटसच्या फायली क्रमांक न बदलता उघडणे आवश्यक होते. परिणामी १ मार्च १९०० पूर्वीच्या तारखांचा वार एक्सेलमध्ये एका दिवसाने मागे पडतो : १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, एक्सेल रविवार सांगते. लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स या दुसऱ्या स्प्रेडशीटनी वेगळी वाट धरली. त्यांनी शून्य क्रमांक ३० डिसेंबर १८९९ ला दिला. त्यामुळे खोटा दिवस न मानताही १ मार्च १९०० पासूनचे क्रमांक एक्सेलशी जुळतात. ही तोड अधिक स्वच्छ म्हणावी लागेल. ऑफिस ओपन एक्सएमएल या, एक्सेलसारख्या फायलींचे स्वरूप ठरवणाऱ्या मानकाच्या चर्चेतही (२००६–०८) या दिवसावर आक्षेप घेतले गेले. पण दुरुस्ती केल्यास आधीच्या फायलींतील जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकली असती.

१९०४ ची पद्धत : अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकावरील एक्सेलचा (१९८५) आरंभदिन १ जानेवारी १९०४ होता, त्यामुळे १९०० चा प्रश्नच उरला नाही. दोन्ही पद्धतींत १४६२ क्रमांकांचे अंतर आहे : १९०० ते १९०३ चे प्रत्यक्ष १४६० दिवस, एक खोटा दिवस आणि मोजणी एकऐवजी शून्यापासून सुरू केल्याचा एक. एका पद्धतीच्या फायलीतून दुसरीत नुसते क्रमांक नेले तर तारखा चार वर्षे व एक दिवस सरकतात. चूक वर्षात असते, दिवस-महिना जवळपास तोच राहतो, म्हणून ती सहज नजरेत येत नाही.

ओळखीतील दोष : ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते. महिना आधी मानणाऱ्या मांडणीत १३/०४ तारीख होऊच शकत नाही. ती मजकूर म्हणून राहते आणि एकाच रकान्यात दोन जातींच्या नोंदी मिसळतात. एक्सेलमध्ये १९०० पूर्वीच्या तारखाही मजकूरच राहतात; इतिहासाच्या अभ्यासकांना हा अडथळा फार जाचतो.

सर्वांत गंभीर हानी जनुकशास्त्रात झाली. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी जनुकनामे तारखांत बदलली. मूळ अक्षरे गेली आणि मागे क्रमांक उरला. हा दोष २००४ मध्ये नोंदवला गेला. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेल स्वरूपातील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका आढळल्या. अखेर मानवी जनुकनामे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावेच बदलली : ‘सेप्टिन२’, ‘मार्चएफ१’. असे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. त्याआधी रूपांतरित होऊन जतन झालेल्या फायलींतील नावे मात्र तिने परत मिळत नाहीत.