डिस्कचा एक-चौदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि विंडोज ११ ज्यांवर बसत नाही असे कित्येक धडधाकट लॅपटॉप लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या वाटेला लागले. फोंड्यातील आमच्या शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार चढवताना इन्स्टॉलरने नेहमीचा प्रश्न विचारला: संपूर्ण डिस्क पुसायची, विंडोजच्या शेजारी बसवायचे, की विभाजने, म्हणजे डिस्कचे वेगवेगळे भाग, स्वतः आखायची?

कोणते विभाजन कुठून कुठपर्यंत, याची नोंद विभाजन-तक्त्यात असते. गोव्यात जमिनीच्या नोंदीचा एक-चौदा हा उतारा असतो तसाच हा डिस्कचा उतारा. १९८३ पासूनच्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) या तक्त्याच्या पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघ्या ६४ बाइटांत बसतो आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून तेथे मुख्य विभाजने चारच. आजच्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहते. उतारा हरवला म्हणून कुळागरातील माडपोफळी नाहीशा होत नाहीत, तसा तक्ता बिघडला तरी मजकूर पुष्कळदा जागेवर असतो; परंतु एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, फॉरमॅट करताना बहुधा ‘ट्रिम’ हा आदेशही जातो, आणि मग मोकळी ठरलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते.

काकांच्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती. चवथीचे, जत्रेचे सगळे फोटो दुसरीवर. इन्स्टॉलरने नेमकी तीच आधी दाखवली. यादीतील क्रमावर विसंबू नये, आकार जुळवावा; तोही नीट, कारण विंडोज हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजून याच डिस्का २३८ आणि ९३१ जीबी म्हणून दाखवते.

विंडोज ठेवायचे असल्यास त्याचे विभाजन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आक्रसावे, विंडोजला पुरते बंद न होऊ देणारे फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवावी. शंभरेक एमबीचे ईएफआय विभाजन क्षुल्लक दिसते, पण विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. त्याला फॉरमॅटची खूण करू नये. आक्रसताना मजकूर सरकवला जात असतो आणि मध्येच वीज गेली तर तो बिघडू शकतो, तेव्हा बॅटरी मेलेला लॅपटॉप घेऊन पावसाळ्यात हे काम काढणे मला तरी धाडसाचे वाटते.

फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवली. शेवटच्या पडद्यावर होणाऱ्या बदलांची यादी आली. ‘पुढे’ म्हणेपर्यंत काहीच लिहिले जात नाही. काकांनी ती मोठ्याने वाचली, तीत १ टीबीचा उल्लेख नव्हता, आणि बटण त्यांनीच दाबले.