दहा हजार फुटांखाली गप्पा बंद का झाल्या?

विमान उतरताना १०,००० फुटांच्या खाली आलं की कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. वैमानिक याला ‘स्टेराइल कॉकपिट’ म्हणतात. अमेरिकेत हा नियम १९८१ साली झाला. त्यामागे वैमानिकांचं लक्ष भलतीकडे गेल्याने झालेले अपघात आहेत. त्यांतले हे दोन, दोन्ही ईस्टर्न एअरलाइन्सचे.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री फ्लाइट ४०१ मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन पक्कं बसल्याचा हिरवा दिवा लागेना. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटवर सोडून सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. सहवैमानिकाने दिव्याची काच काढली, ती परत बसेना. फ्लाइट इंजिनिअर चाक दिसतं का ते बघायला खालच्या कप्प्यात उतरला. या धडपडीत बहुधा कंट्रोल कॉलमला, म्हणजे विमान वर-खाली नेणाऱ्या दांड्याला, धक्का लागला आणि उंची धरून ठेवणारी यंत्रणा सुटली. विमान अगदी सावकाश खाली जाऊ लागलं. बाहेर एव्हरग्लेड्सची दलदल, मिट्ट काळोख, नजर ठरायला जमिनीवर एक दिवा नाही. उंची २५० फुटांनी ढळल्याची घंटी वाजली, कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरवर ती ऐकू येते. कॉकपिटमध्ये कुणी दखल घेतली नाही. १७६ पैकी शंभराच्या आसपास माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. गेला होता तो फक्त बल्ब.

तिथे निदान कामाचाच विषय होता. ११ सप्टेंबर १९७४ ला तेही नव्हतं. फ्लाइट २१२ सकाळच्या धुक्यात शार्लटला उतरत होतं आणि दोघे वैमानिक राजकारण, जुन्या गाड्या, मग धुक्यातून दिसणारा मनोरंजन पार्कचा मनोरा यावर बोलत होते. जिथे १,८०० फूट उंची हवी, तिथून विमान सुमारे ४५० फूट खालून गेलं. ठरावीक टप्प्यांवर उंची मोठ्याने सांगायची असते, ती कुणी सांगितली नाही. विमानातल्या ८२ पैकी ७२ जण दगावले. चौकशी अहवालाने दोष ठेवला तो कॉकपिटमधल्या ढिल्या शिस्तीवर.

त्याच वर्षी १ डिसेंबरला टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. तिथे कारण वेगळं होतं. धावपट्टीकडे यायला मिळालेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला, जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या मनात दुसरा होता. पण त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र बसवण्याचा आदेश लगेच निघाला. बोलण्यावरच्या बंधनाला मात्र शार्लटनंतर सात वर्षं लागली. मला हा उशीर अक्षम्य वाटतो. हे यंत्र सक्तीचं होण्याआधीचा उंचीचा इशारा तर शार्लटलाही वाजला होता: जमिनीपासून १,००० फुटांवर. त्या काळी वैमानिकांना तो नेहमीचा त्रास वाटे, म्हणून तिकडे लक्षच दिलं जात नसे.

१९८१ च्या नियमाने केबिन क्रूलाही बांधलं. कॉफी हवी का, कनेक्टिंग फ्लाइटचं काय, असल्या कामांसाठी या टप्प्यात कॉकपिटला फोन करता येत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न असला तर मात्र तो करायलाच हवा.