साकुराबा, काझुशी
साकुराबा, काझुशी : (१४ जुलै १९६९ – ). जपानी मिश्र युद्धकला-लढवय्या (ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी या सगळ्यांना मुभा असलेला खेळ) आणि व्यावसायिक कुस्तीगीर. टोपणनाव ‘ग्रेसी हंटर’, म्हणजे ब्राझिलियन जुजुत्सू (जमिनीवरच्या पकडींची युद्धकला) खेळणाऱ्या ग्रेसी कुटुंबाचा शिकारी. ४६ अधिकृत लढतींत २६ विजय, १७ पराभव, एक बरोबरी आणि दोन लढती रद्द, असा त्याचा हिशेब आहे. या आकड्यांवरून त्याची योग्यता मोजू गेले तर चूक होईल. सुमारे ८५ किलोंचा हा माणूस वर्षानुवर्षे आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्यांशी लढला. बहुतेक मोठे विजय १९९७ ते २००१ या काळात आले आणि पराभवांची रांग त्यानंतर लागली.

जन्म उत्तर जपानमधील अकिता प्रांतात. शाळेत आणि पुढे टोकियोच्या चुओ विद्यापीठात तो ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती खेळला. १९९३ मध्ये त्याने यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या संस्थेतून व्यावसायिक कुस्तीत पदार्पण केले. तेथील लढतींचे निकाल आधी ठरलेले असत, पण तालीम खरी होती. इंग्लंडचे बिली रॉबिन्सन तेथे ‘कॅच’ कुस्ती शिकवत. चितपट करण्याबरोबर सांधा पिळून हार मानायला लावणे, हा या कुस्तीचा गाभा. ही संस्था १९९६ च्या अखेरीस बंद पडली आणि तो नोबुहिको ताकादा याच्यासोबत किंगडम या नव्या संस्थेत गेला.

२१ डिसेंबर १९९७ रोजी योकोहामा येथे यूएफसी या अमेरिकी मिश्र युद्धकला संस्थेच्या हेवीवेट स्पर्धेत त्याची गाठ मार्कस सिल्व्हेरा या ब्राझिलियन जुजुत्सूच्या ब्लॅक बेल्टशी पडली. ठोसे चुकवत साकुराबा पट काढायला खाली वाकला. तो बेशुद्ध होऊन कोसळला असे पंच जॉन मॅकार्थी यांना वाटले आणि त्यांनी लढत थांबवली. चित्रफीत पाहिल्यावर निर्णय रद्द झाला. अंतिम फेरीतला टँक ॲबट हाताच्या दुखापतीने बाहेर पडला होता, म्हणून त्याच रात्री हे दोघे पुन्हा भिडले. ३ मिनिटे ४४ सेकंदांत साकुराबाने आर्मबार (कोपर उलटे ताणणारी पकड) लावून सामना आणि स्पर्धा जिंकली. व्यावसायिक कुस्तीगीर खरोखरच बलवान असतात, असे त्याने तेव्हा जाहीर केले. ठरवून केलेल्या कुस्त्यांवरून होणारी टिंगल ऐकून वैतागलेल्या जपानी प्रेक्षकांना ते फार भावले.

१९९८ पासून तो प्राइड या जपानी स्पर्धेत लढू लागला. कार्लोस न्यूटनला त्याने गुडघ्याच्या पकडीत हरवले आणि व्हिटर बेलफोर्टवर गुणांनी मात केली. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी त्याने रॉयलर ग्रेसीला किमुरा या खांदा पिळणाऱ्या पकडीत अडकवले. रॉयलरने हार मानली नाही, पंचांनीच लढत थांबवली आणि ग्रेसी कुटुंबाने त्यावर आक्षेप घेतला. रॉयलर वजनाने बराच हलका होता, हे या विजयाचे गोडवे गाताना सहसा विसरले जाते.

त्या आक्षेपातूनच १ मे २००० ची टोकियो डोममधली लढत घडली. रॉयलरचा भाऊ रॉयस ग्रेसी याच्या बाजूने अटी आल्या : १५ मिनिटांच्या कितीही फेऱ्या, गुणांवर निकाल नाही, पंचांनी लढत थांबवायची नाही. साकुराबाने रॉयसच्या मांड्यांवर लाथांचा मारा केला आणि त्याचाच जुजुत्सूचा अंगरखा पकडीसाठी वापरला. सहा फेऱ्या, म्हणजे ९० मिनिटांनंतर रॉयसच्या बाजूने टॉवेल टाकण्यात आला, म्हणजे हार मानण्यात आली. साकुराबा त्याच रात्री इगोर वोवचानचिन या जड ठोसेबाजापुढेही उभा राहिला. एक फेरी त्याने काढली, पण जादा फेरीआधी त्याच्या बाजूने माघार घेतली. २७ ऑगस्टला रेंझो आणि २३ डिसेंबरला रायन हेही ग्रेसी हरले.

किमुरा पकड : ग्रेसींविरुद्धचे त्याचे मुख्य हत्यार. कॅच कुस्तीत हिला दुहेरी मनगट-कुलूप म्हणतात, ज्यूदोत उदे-गारामी. १९५१ मध्ये मासाहिको किमुराने हिच्याच जोरावर एलियो ग्रेसीला हरवले, म्हणून ब्राझीलमध्ये हे नाव रूढ झाले. एका हाताने प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरायचे, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलेच मनगट पकडायचे. त्याचे कोपर काटकोनात वाकलेले आणि आपल्या छातीशी घट्ट हवे. मग मनगट त्याच्या पाठीमागे वर फिरवायचे. ताण खांद्यावर येतो आणि कोन बिघडला तर कोपरावर. कोपर छातीपासून सुटले की जोर वाया जातो. प्रतिस्पर्ध्याने स्वतःची चड्डी किंवा दुसरा हात घट्ट धरला, तर आधी ती मिठी तोडावी लागते.

साकुराबाचे वैशिष्ट्य असे, की ही पकड तो उभ्यानेच, पाठीवर आलेल्या माणसाला लावायचा. कंबरेला विळखा घातलेला हात हा एरवी धोका, पण त्याच्या दृष्टीने ते हाती आयते आलेले मनगट. रेंझोने अशीच पाठ घेतली होती. साकुराबा पकड न सोडता गर्रकन वळला, दोघे खाली आले आणि रेंझोचे कोपर निखळले. हा डाव करताना वळण्याआधी कंबर खाली नेली नाही, तर मागचा माणूस उचलून आपटतो. उताण्या प्रतिस्पर्ध्याचे पाय ओलांडायला कोलांटी घेणे आणि दोन्ही हातांनी मारलेले ‘मंगोलियन चॉप’ हे त्याचे आणखी लाडके प्रकार. प्रेक्षकांना ते गंमत वाटायचे, पण कोलांटीने खरोखरच पायांचा अडसर पार होतो.

उताराचे कारण वयापेक्षा नियमांत अधिक शोधावे लागते. २५ मार्च २००१ च्या प्राइड १३ पासून जमिनीवर आलेल्या माणसाच्या डोक्यावर गुडघा आणि लाथ मारायला मुभा मिळाली. खाली बसून एकेरी पट काढणे हा साकुराबाचा हातखंडा आणि त्यात डोके नेमके गुडघ्याच्या उंचीवर येते. त्याच रात्री वँडरले सिल्वाने त्याला १ मिनिट ३८ सेकंदांत संपवले. नोव्हेंबरमधील दुसऱ्या लढतीत सिल्वाने उचलून आपटल्याने त्याचे हासळीचे हाड मोडले. तिसरी लढत २००३ मध्ये झाली आणि तीही गेली. मधल्या काळात, २००२ मध्ये, मिर्को क्रोकॉपविरुद्ध डोळ्याच्या खोबणीला इजा झाली. अशा जोड्या लावत राहणाऱ्या आयोजकांना या सगळ्यात निर्दोष म्हणता येत नाही.

२००६ मध्ये तो हीरोज या दुसऱ्या जपानी स्पर्धेत गेला. वर्षअखेरीस योशिहिरो अकियामाने अंगाला मलम लावल्याचे उघड झाले आणि ती लढत रद्द ठरली. लढत चालू असतानाच साकुराबा अंग निसरडे असल्याची तक्रार करत होता. पकडीवर जगणाऱ्याला तेलकट कातडीसमोर काहीच करता येत नाही. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला रॉयस गुणांवर जिंकला, पण नंतर तो उत्तेजक चाचणीत सापडला. २०१० च्या शेवटच्या दिवशी मारियस झारोमस्किसविरुद्ध साकुराबाचा कान फाटला आणि डॉक्टरांनी लढत थांबवली. २०१२ पासून तो न्यू जपान प्रो-रेसलिंग या संस्थेतून व्यावसायिक कुस्तीत परतला. २०१५ मध्ये रिझिन या जपानी मिश्र युद्धकला स्पर्धेत तो शिन्या आओकीकडून हरला. २०१७ मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

२०१८ मध्ये त्याने क्विंटेट ही सांघिक पकडकुस्ती सुरू केली. ठोसे-लाथा नाहीत. प्रत्येक संघात पाच जण आणि मर्यादा संघाच्या एकूण वजनाला. लढत आठ मिनिटांची, पण वजनात मोठी तफावत असल्यास चार मिनिटांची. जिंकणारा मॅटवर थांबून पुढच्याशी भिडतो. बरोबरी झाली तर दोघेही बाद, त्यामुळे हलका खेळाडू नुसता तग धरूनही समोरच्या संघाचा जड मोहरा बाहेर काढू शकतो.