चाळीस मिनिटांत 135 एकर

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी आहे. सफरचंदांसाठी नावाजलेलं, आणि बर्फासाठी त्याहून जास्त. हिवाळ्यात सैबेरियातून सुटलेला कोरडा, बोचरा वारा जपानचा समुद्र ओलांडून इथे येतो. त्सुशिमा नावाच्या उबदार प्रवाहामुळे हा समुद्र वाऱ्यापेक्षा बराच ऊबदार असतो. वारा वाटेत भरपूर बाष्प उचलतो आणि डोंगरांना धडकला की ते बर्फ होऊन खाली येतं.

अशा ठिकाणी, शहराच्या दक्षिणेला सुमारे 200 मीटर उंचीवर, आओमोरी विमानतळ आहे. टर्मिनल चारचौघांसारखंच. इथली खरी सुविधा बाहेर, गाड्यांच्या शेडमध्ये उभी असते: 'व्हाइट इम्पल्स' हे बर्फ हटवणारं पथक. जपानी हवाई दलाच्या 'ब्लू इम्पल्स' या कसरती पथकावरून 2013 मध्ये हे नाव ठेवलं. थोडी मिश्किलीच, पण शोभते. यातले बरेच जण हंगामी. एरवी शेती किंवा बांधकामावर असणारे.

काम सुरू झालं की नांगरासारखी पाती लावलेल्या गाड्या तिरप्या रांगेत निघतात. पहिलीने बाजूला लोटलेला ढीग दुसरी पुढे ढकलते, दुसरीचा तिसरी. मागून ब्रशवाल्या गाड्या उरलेली भुकटी झाडतात आणि शेवटी कडेला साचलेली रास फिरत्या पात्यांचं यंत्र लांब भिरकावतं. धावपट्टी, तिच्याकडे जाणारे विमानांचे रस्ते म्हणजे टॅक्सीवे, आणि विमानं उभी राहतात ती जागा मिळून साधारण 55 हेक्टर, म्हणजे 135 एकर. हे सगळं 40 मिनिटांत! चालकांचं अंतर जरा चुकलं तर दोन गाड्यांमध्ये बर्फाचा वरंबा राहून जातो.

एवढा आटापिटा कशासाठी? उतरणाऱ्या विमानाची चाकं ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने टेकतात. तेव्हा धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा काला असेल, तर तो टायरखालून वेळेत बाहेर पडत नाही, टायर त्यावर उचलला जातो आणि ब्रेक दाबूनही पकड मिळत नाही. उड्डाणाच्या वेळी तोच काला चाकांना मागे खेचतो. रस्त्यावर टाकतात तसं मीठही इथे चालत नाही, कारण ते विमानाचा धातू खातं.

पंखांचं दुखणं वेगळं. पंखावर खरखरीत दहिवर जमलं तरी वरून जाणारा हवेचा प्रवाह बिघडतो आणि उचल घटते. म्हणून निघण्यापूर्वी ग्लायकॉल या सहज न गोठणाऱ्या द्रवाचं गरम मिश्रण फवारून पंख धुतात. बर्फ पडतच असेल तर त्यावर दाट द्रवाचा लेप देतात. विमानाने वेग घेतला की तो वाऱ्याबरोबर आपोआप ओघळून जातो. मात्र या लेपाचा असर ठरावीक मिनिटांचाच. तेवढ्यात उड्डाण झालं नाही, तर फवारणी पुन्हा.

धावपट्टीचंही तेच. आभाळ थांबायचं नाव घेत नसेल तर शेवटची गाडी बाजूला होईपर्यंत पहिला पट्टा पांढरा व्हायला लागलेला असतो.