इअरप्लग घातले की हॉर्न ऐकू येत नाही?

बाइक चालवताना इअरप्लग घातले तर हॉर्न, सायरन काही ऐकू येत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, पण ते खरं नाहीये. हायवे स्पीडला हेल्मेटमध्ये खरा गोंगाट वाऱ्याचा असतो, ताशी १०० किमीला साधारण १०० डेसिबल, आणि एवढ्या आवाजात १५ मिनिटांतच कानाची दिवसभराची सुरक्षित मर्यादा संपते! आणि मग लोक काय करतात, तर हेल्मेटमधल्या इंटरकॉमचा (बोलायला, गाणी ऐकायला लावतात त्या स्पीकर-माइकचा) व्हॉल्युम वाढवत बसतात, म्हणजे कानावर डबल मारा. फोमचे प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतात, त्यामुळे कानावरचा ताण उतरतो आणि हॉर्न उलट नीट ओळखू येतो. पूर्ण व्हॉल्युमवर गाणी लावणं मात्र खरंच धोक्याचं.